खरवड

तिला सगळे ‘चौकशी’ म्हणायचे, आणि ज्यानं कोणी ते नाव ठेवलं त्याचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे. दूधवाला दूध घालून गेला की ही भांडं तिरकं करून काठाला पाणी सुटतंय का ते बघणार. वाण्यानं पुडी बांधली की सोडायला लावून पुन्हा बांधून घेणार. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा नवऱ्यानं एकदा कौतुकानं फुलं आणली, तर हिनं दारातच विचारलं, “काय केलंत?” बिचाऱ्यानं त्यानंतर फुलांचं नाव काढलं नाही. आता तो फुलं का आणत नाही, ह्याचाही तिला संशय येतो.

अशी बाई कॅन्सरच्या हॉस्पिटलात संशोधनाच्या कामाला लागली, ती धाकट्या बहिणीमुळे. धाकटी राहायची ओतकामाच्या कारखान्यामागच्या वस्तीत. घरांच्या दोन रांगा, मध्ये बोळ, बोळात एक नळ आणि नळावर कायम भांडण. धाकटीचा नवरा भट्टीवर कामाला. त्या एवढ्याशा वस्तीत पाच वर्षांत नऊ बायकांना छातीचा कॅन्सर झाला. त्यातली पाचवी धाकटी.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले, आणि धाकटी वाचली. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या ती एकदा म्हणाली, “ताई, माझं झालं ते झालं. पण दोन पोरी आहेत मला. कशानं झालं ते कळल्याशिवाय मी त्यांना त्या घरात वाढवू तरी कशी?”

“शोधून काढते,” चौकशी म्हणाली. उगाच धीर द्यायला म्हणाली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की कोणीतरी आहे, कुठेतरी पाणी मुरतंय, आणि त्याला पकडायचं म्हणजे तिच्यासारखंच कोणीतरी पाहिजे.

त्याच सुमाराला हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंनी वस्तीतल्या बायकांच्या जेवणाची तपासणी काढली. पद्धत अशी, की बाईला नंबर घातलेले रिकामे डबे द्यायचे. तीन दिवस दुपारच्या जेवणात ती जे खाईल, जितकं खाईल, अगदी तेच आणि तितकंच तिनं दुसऱ्या हातानं डब्यात घालायचं. डबे प्रयोगशाळेत न्यायचे आणि त्यात शिसं, कॅडमियम, बुरशीचं विष, फवारणीचं औषध, असलं काही सापडतं का ते बघायचं. डबे वाटायला, गोळा करायला आणि वजन करून लिहायला घरोघर फिरणारी बाई हवी होती. चौकशी स्वतःहून जाऊन उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “लोकांच्या स्वयंपाकघरात शिरणं जमेल?”

“ते सोडून दुसरं काय जमतं मला?” ती म्हणाली, आणि लागली कामाला.

कामाला लागली ती सगळ्यांवर डोळा ठेवूनच. भाजीवाला भाजी कुठल्या पाण्यात धुतो ते बघायला ती एका सकाळी त्याच्या हातगाडीमागून नाल्यापर्यंत चालत गेली. त्यानं मागे वळून विचारलं, “बाई, काही चुकलं का माझं?” तेलवाल्याचा डबा तिनं हुंगला. गिरणीत पिठाच्या पोत्याखाली हात घालून बघितला. कारखान्याच्या मुकादमानं तिला चहा विचारला तर तिनं मनात नोंद केली, चहा का विचारला? दर आठवड्याला ती धाकटीकडे जायची आणि नवा चोर सांगायची. धाकटी ऐकून घ्यायची, हसायची, आणि शेवटी हळूच विचारायची, “पण नक्की ना, ताई?”

पहिली फेरी झाली. चाळीस बायका, एकशेवीस डबे. प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्यानं कागद आणून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवले. सगळे आकडे मर्यादेच्या आत.

“चांगलीच बातमी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वीस घरांची दुसरी फेरी ठरलेली आहे, तेवढी करू. तीही अशीच आली तर अन्नात काही नाही असा अहवाल देऊन वस्तीतलं काम बंद.”

“बंद म्हणजे?”

“म्हणजे कारण दुसरीकडे शोधायचं. किंवा योगायोग म्हणून सोडून द्यायचं.”

योगायोग म्हटल्यावर चौकशीच्या डोक्यात तिडीक गेली. नऊ बायका आणि योगायोग? एकदा का अन्न चांगलं असल्याचा कागद निघाला की पुन्हा कोण विचारतंय त्या वस्तीला. धाकटीच्या पोरी तिथंच जेवणार, तिथंच वाढणार, आणि वीस वर्षांनी कोणीतरी त्यांच्या शेजारी बाकावर बसणार. तिला त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी उठली ती एक नाव घेऊनच: चष्मेवाला.

हा माणूस डबे उघडतो तरी का? की नुसतेच आकडे भरतो? विचारून तो थोडाच सांगणार आहे. मग दुसऱ्या फेरीत चौकशीबाईंनी एक उद्योग केला. एक बाई माहेरी गेली होती, तिच्या नंबराचे डबे रिकामे पडले होते. चौकशीनं दुसऱ्या एका बाईचा भरलेला डबा घेतला, नीट ढवळला, अर्धा त्या रिकाम्या डब्यात ओतला, आणि दोन्ही डबे दोन वेगळ्या बायकांचे म्हणून गुपचूप पाठवून दिले. आकडे वेगळे आले की चष्मेवाला सापडला. नोकरी जाण्याजोगंच काम होतं ते. तिला त्याचं काही वाटलं नाही.

दुसरी फेरी अजून चालूच होती, तेवढ्यात त्या दोन डब्यांचे आकडे आले. केसाइतकाही फरक नव्हता.

चष्मेवाला प्रामाणिक निघाला, ह्याचं खरं तर तिला बरं वाटायला हवं होतं. तिला फार एकटं वाटलं. भाजीवाला झाला, तेलवाला झाला, गिरणी झाली, प्रयोगशाळा झाली. आता संशय घ्यायला माणूसच उरलं नव्हतं. मग ती आपली स्वतःची वही घेऊन बसली, जिच्यात रोजच्या डब्यांची वजनं होती, आणि पहिल्या पानापासून वाचू लागली.

तिसऱ्या पानावर ती थांबली. शिंपीण. दुपारचा डबा, सहाशे वीस ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सहाशे चाळीस. आणि ह्याच वहीत मागे शिंपिणीचं स्वतःचं वजन लिहिलेलं, एक्केचाळीस किलो. बाई एक्केचाळीस किलोची आणि डबा पैलवानाचा. चौकशीच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती शिंपिणीच्या दारात लंगडत गेली. “पाय मुरगळलाय हो. घटकाभर टेकू का?”

“टेका की,” शिंपीण म्हणाली. खोली एकच. खिडकीशी मशीन, जमिनीवर दोऱ्याचे तुकडे, कोपऱ्यात शेगडी. शेगडीवर एक पातेलं, जाड, करडं, दोन कानांचं. वस्तीत प्रत्येक घरात तसलंच पातेलं होतं. कारखान्यात भंगार वितळवून पातेली ओतायचे, आणि ज्यात खोट निघे ती बाजारात न जाता कामगारांच्या घरी जात. दहा-दहा वर्षं तीच वापरायचे. चौकशीनं ती पातेली शंभरदा बघितली होती आणि एकदाही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं.

कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी शिंपिणीनं दुसऱ्या फेरीतला हॉस्पिटलचा डबा काढला, फडक्यानं पुसला आणि वरवरचा पांढराशुभ्र भात त्यात घातला. रश्शातल्या मोठ्या मोठ्या फोडी निवडून त्यावर रचल्या. वर लिंबाची फोड ठेवली. लांबून बघितलं, पुन्हा एक फोड वाढवली आणि झाकण लावलं. नवरीला सजवावं तसं चाललं होतं सगळं. मग नवरा आणि दोन मुलगे आले, जेवले, हात धुवून पुन्हा कामावर गेले.

ते गेल्यावर शिंपिणीनं पातेलं ओढलं. तळाला धरलेल्या भातावर चार घोट गरम पाणी घातलं आणि लोखंडी उलथण्यानं खरवडायला लागली. खर्र खर्र करत तळ निघाला, भाताचा कमी आणि पातेल्याचा जास्त, करडा दिसत होता. दुसऱ्या पातेल्यात कालचा टोमॅटोचा रस्सा उरलेला, तो तसाच रात्रभर त्यातच राहिलेला. तोही तिनं खरवडून ह्यात कालवला आणि उभ्या उभ्या पातेल्यातच जेवायला लागली.

“हे काय?” चौकशीनं विचारलं.

“काय काय? जेवतेय.”

“मग मघाशी डब्यात काय घातलंत?”

“जेवणच घातलं की.”

“पण तुम्ही जे खाता तेच घालायचं, असं सांगितलं होतं ना मी? तीन-तीनदा सांगितलं होतं.”

शिंपिणीनं घास गिळला आणि तिच्याकडे असं बघितलं, की ह्या बाईला काही कळतं की नाही. “अहो, डॉक्टर लोक उघडून बघणार तो डबा. त्यांना काय खरवड देऊ? ह्या घरात बाईला खायला घालत नाहीत असं म्हणायला मोकळे सगळे. माझ्या नवऱ्याची काही अब्रू आहे की नाही?” आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “तुमच्या घरचं कोणी आलं तर तुम्ही काय वाढाल?”

त्या आठवड्यात ती आणखी अकरा घरांत लंगडत जाऊन बसली. सगळीकडे तेच. एकीनं डब्यासाठी वेगळा स्वयंपाक केला होता. एकीनं शेजारणीकडून अंडं उसनं आणून डब्यात घातलं होतं. एक म्हातारी म्हणाली, “मी खाते किती, चिमणीएवढं, तेवढंच दिलं तर बरं दिसतं का?” हॉस्पिटलनं डब्यांवर डबे तपासले आणि त्यात बायकांचं जेवण जवळजवळ नव्हतंच. ते पाहुण्यांचं जेवण होतं. तिला संताप आला, बायकांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. चोर बघायला नाल्यापर्यंत चालत गेलेल्या बाईला चुलीपाशी बसायचं सुचू नये? ती स्वतः तरी घरी काय खात होती? सगळ्यांचं उरकल्यावर, ओट्याशी उभी राहून, पातेलं पुसून. फक्त तिचं पातेलं स्टीलचं होतं, एवढाच काय तो नशिबाचा भाग.

बाराव्या घरातून बाहेर पडताना तिला धाकटीची आठवण झाली. धाकटीही ह्या तपासणीत होतीच. तिथून ती तडक धाकटीकडे गेली. धाकटी खिडकीपाशी बसून जेवत होती, ताटात वाफाळता भात, बाजूला वाटी.

“खरं सांग,” चौकशीनं दारातूनच विचारलं, “डब्यात काय घालत होतीस? जेवायचीस तेच की दाखवायचं?”

“जेवायचे तेच,” धाकटी गोंधळून म्हणाली. “का गं?”

“खरवड नाही खात तू?”

“खायचे की. लग्नापासून तेच खाल्लं. पण आता कुठलं? ऑपरेशनपासून मला आयतं ताट मिळतं, सगळ्यांच्या आधी.” ती हसली. “आजारपणाचा एवढा एक फायदा झाला बघ.”

चौकशीचा जीव भांड्यात पडला. ती मटकन खाली बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि बहिणीला शिंपिणीची सगळी हकीकत सांगायला लागली. सांगता सांगता तिला आतून आवाज आला. खर्र. खर्र.

ती उठून आत गेली. धाकटीची थोरली पोर, चौदा वर्षांची, शाळेच्या गणवेशातच चुलीपाशी उकिडवी बसली होती. मांडीशी करडं पातेलं, हातात उलथणं. तिच्या लहान बहिणीचं उष्टं ताट बाजूला सरकवलेलं.

“तू काय करतेयस?”

“जेवतेय, मावशी. तू जेवलीस?”

“असं कधीपासून जेवतेस?”

“आईच्या ऑपरेशनपासून.” पोर सहज बोलत होती, तिला त्यात सांगण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. “तूच नाही का म्हणालीस, हॉस्पिटलात? आता तू मोठी, आईला आधी वाढायचं, मग बाबा, मग लहानगी, आणि आपण मागून बसायचं. आई करायची तसंच करते मी. वाया काही जाऊ देत नाही.”

चौकशीनं आठवून बघितलं. म्हणाली होती. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली होती, आणि त्या दिवशी आपण फार शहाणपणाचं बोललो असंही तिला वाटलं होतं. पिशवीत एक रिकामा डबा होता तो तिनं काढला, पोरीच्या हातातलं उलथणं घेतलं आणि पातेल्यातली अर्धी खरवड डब्यात भरली.

“मावशी, ते नको ना,” पोर लाजून म्हणाली. “थोडं वरचं राहिलंय, ते देते.”

डबा घेऊन ती डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. शिंपीण, अंडं, पातेली, आणि अर्धा-अर्धा केलेला तो डबाही. बाईंचा चेहरा कडक झाला. मग त्यांनी अहवालाचे कागद उचलून खणात टाकले. चष्मेवाल्यानं तो डबा त्याच आठवड्यात तपासला. शिसं आणि कॅडमियम, आधीच्या डब्यांपेक्षा कितीतरी पटीनं जास्त, भंगाराच्या पातेल्यातून खरवडीत उतरलेलं. त्यानं खात्री करायला दोनदा तपासला होता.

“म्हणजे माझ्या बहिणीला ह्यानंच झालं?” चौकशीनं विचारलं.

“ते मी कधीच सांगू शकणार नाही,” बाई म्हणाल्या. “कोणीच नाही. कॅडमियम शरीरात गेलं की वर्षानुवर्षं साठून राहतं. बायकांच्या शरीरात ते हार्मोनचं सोंग घेत असावं, असा आम्हाला संशय आहे. पुरावा अजून पक्का नाही.”

“म्हणजे तुम्हीही संशयावरच चालता.”

“हो. फक्त आम्ही तो लिहून ठेवतो आणि खोटा ठरतो का ते बघतो.” बाईंनी चष्मा काढला. “वस्तीतलं काम बंद होणार नाही. पुन्हा सगळे डबे, पातेल्याच्या तळातले. पातेली बदलायला मी आजच लिहिते.”

“आणि पोरीचं काय? दीड वर्ष खातेय ती. तिचं किती साठलं असेल?”

“तिचं रक्त तपासू. तिच्यावर लक्ष ठेवू. आजपासून थांबलं तर पुढचं तरी टळेल.”

“पण होईल का तिला?”

बाईंनी पोरीच्या रक्ततपासणीची चिठ्ठी लिहायला घेतली, आणि त्यांनी खोटं काही सांगितलं नाही ह्याबद्दल चौकशीला त्यांचा पहिल्यांदाच आदर वाटला.

संध्याकाळी ती स्वतःच्या घरचं स्टीलचं पातेलं काखेत मारून धाकटीकडे गेली. बसली आणि एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, “आणि तिला मागून जेवायला मी सांगितलं होतं. दुसऱ्या कोणी नाही, मीच.”

“मी रोज बघत होते, ताई,” धाकटी म्हणाली. “ती आत बसून खरवडायची, आणि मी इथं जेवायचे. मला इतकं बरं वाटायचं. वाटायचं, पोरगी शहाणी झाली.” ती रडायला लागली, आणि चौकशीही रडली.

मग दोघींनी डोळे पुसले. करडं पातेलं चौकशीनं उचलून दाराबाहेर ठेवलं. नव्या पातेल्यात भात केला, आणि पहिलं ताट वाढून जमिनीवर मांडलं. धाकटीनं थोरलीला हाक मारली. पोर वह्या मिटून आली, ताट बघितलं, आणि ते उचलून आईच्या पुढ्यात ठेवायला वाकली.

“तुझं आहे ते,” चौकशी म्हणाली. “बस.”

“बसते की मी, मावशी. तुमचं होऊ दे आधी,” ती म्हणाली, आणि नवं पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं.